पाखाडीवर चकचकीत फरशी कुणाच्या सोयीसाठी?

मंडळी, पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरात साठीच्या पुढचं माणूस आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

गेल्या काही वर्षांत आपल्या कोकणात एक नवीन खूळ आलंय. जुनी जांभ्याची पाखाडी उखडायची किंवा तिच्यावरच सिमेंट ओतायचं, आणि वर गुळगुळीत ग्रॅनाइट नाहीतर चकचकीत टाइल बसवायची. बाजूला स्टीलचा पाइप, वर कोनशिला, मग नारळ आणि फोटो. काम झालं ‘सुशोभीकरण’. हे सगळं मार्चअखेर आटपतं, कारण निधी परत जायला नको. तेव्हा पायऱ्या कोरड्या असतात, छान दिसतात. जूनमध्ये त्यांच्यावरून उतरायची वेळ येते तेव्हा फोटोवाले कुठे असतात कोण जाणे.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. म्हणजे पायरी ओली असणं हा आपल्याकडे अपवाद नाही, वर्षातला तिसरा हिस्सा ती ओलीच असते. वर झाडांची सावली, ऊन नाही, दहा दिवसांत हिरवी साय धरते. अशा ठिकाणी पॉलिश केलेला दगड घालणारा माणूस एकतर इथे राहत नाही किंवा पायी चालत नाही.

आमच्या वाडीत देवळाकडे उतरणाऱ्या पायऱ्यांचं असंच झालं. गेल्या पावसात शेजारच्या आजी पडल्या, खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन पडवीपर्यंत येतात. ज्या पाखाडीवरून त्या लग्न होऊन आल्या, डोक्यावर हंडे घेऊन चढल्या-उतरल्या, ती आता त्यांना बंद. तक्रार घेऊन गेलो तर उत्तर काय? ‘पावसात म्हाताऱ्या माणसांनी कशाला बाहेर पडायचं?’ आणि वर सल्ला, चांगल्या चपला घाला.

चपलांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. देवळाच्या पायऱ्या आपण अनवाणी चढतो. मार्लेश्वराला श्रावणात किती माणसं जातात ते आठवा. पायरीने माणसाला धरून ठेवायचं असतं, माणसाने पायरीला नाही.

मी बांधकामाच्या धंद्यात वीसेक वर्षं आहे, त्यामुळे हे अवघड काम आहे असं मला कुणी सांगू नये. राष्ट्रीय बांधकाम संहितेत घराव्यतिरिक्तच्या इमारतींच्या जिन्यासाठी पायरीची उंची जास्तीत जास्त 15 सेंटिमीटर आणि रुंदी कमीत कमी 30 सेंटिमीटर सांगितली आहे. पाय घसरणार नाही अशी पायरी बांधा आणि तशीच राखा, हेही त्यातच लिहिलंय. डोंगरउतारावर 15 सेंटिमीटर दरवेळी जमत नाही, मान्य. पण सगळ्या पायऱ्या सारख्या ठेवणं तर जमतं ना? चार पायऱ्या उतरल्या की पायाला अंदाज बसतो, पाचवी दोन सेंटिमीटरने वेगळी निघाली की तोल गेलाच. जुन्या पायऱ्यांवर फरशी बसवण्यातला खरा घोटाळा इथे आहे. फरशी आणि खालचा माल धरून दोन इंच चढतात. मधल्या पायऱ्यांना फरक पडत नाही, पण सगळ्यात खालची दोन इंचाने उंच होते आणि सगळ्यात वरची तेवढीच बुटकी. पट्टी घेऊन मोजून बघा.

पायरीला पुढच्या बाजूला चार-पाच मिलिमीटर उतार हवा, म्हणजे पाणी साचत नाही. डोंगराचं पाणी पायऱ्यांवर येण्याआधीच वळवायला वरच्या अंगाला आडवं गटार हवं. जुन्या लोकांनी पाखाडीच्या कडेने पाट काढलेले असायचे ते उगाच नाही. आपण ते बुजवून तिथे कुंड्या ठेवल्या. ग्रॅनाइटच हवा असेल तर खरबरीत फिनिशचा मिळतो, टाकी लावून घेता येतो. आणि साधं काँक्रीट ओलं असतानाच त्यावर खराटा फिरवला तर ते कुठल्याही चकचकीत टाइलपेक्षा पावसात भरवशाचं. खर्च? खराट्याचा.

रेलिंग कमरेच्या उंचीचं, मुठीत मावणारं, आणि शेवटच्या पायरीच्या पुढे फूटभर तरी गेलेलं हवं. आपल्याकडे ते दोन पायऱ्या आधीच संपतं. समुद्राजवळच्या गावांत हलक्या 202 ग्रेडच्या स्टीलला दोन पावसाळ्यांत तांबेरा चढतो, तरी तेच बसवलं जातं.

आता कुणीतरी म्हणेल, जांभ्यालाही शेवाळ धरतं. धरतं की! त्याचीही झीज होते, कडा तुटतात. म्हणून पूर्वी वाडीतली माणसं पावसाच्या आधी आणि मध्येही पाखाडी खराट्याने घासायची. आता वाडीत माणसंच उरली नाहीत, निम्मी घरं गणपतीलाच उघडतात. जे उरलेत ते म्हातारे, आणि नेमक्या त्यांच्याच वाटेत आपण काच अंथरतोय. दर पावसाळ्यात दोनदा पायऱ्या घासायला एका माणसाची मजुरी आणि ब्लीचिंग पावडर, एवढी तरतूद कुठल्या आराखड्यात कुणी दाखवावी. बांधायला लाखो आहेत, घासायला शंभर रुपये नाहीत.

‘लोकांनाच चकचकीत आवडतं’ असंही ऐकलं. लोकांना विचारलं कधी? ग्रामसभेत ठराव येतो ‘पाखाडी दुरुस्ती’ एवढाच. फरशी कुठली, ते एस्टिमेटमध्ये असतं, आणि ते वाचून दाखवत कुणी नाही.

तर या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मी तीन गोष्टी मागणार आहे. बसवलेल्या फरशीला प्रत्येक पायरीच्या कडेला मशीनने खाचा पाडून द्या, दोन दिवसांचं काम आहे. रेलिंग खालपर्यंत आणा. आणि पुढच्या कामाचं एस्टिमेट मंजुरीआधी वाचून दाखवा, नाहीतर माहितीच्या अधिकारात अर्ज तयार आहे. सभा संपली की सगळ्यांनी त्या पायऱ्यांवर यायचं, सदस्यांनी चपला काढून आधी उतरायचं. पाऊस नसला तर पाण्याची बादली मी घेऊन येतो.