शिवाजी पार्क आणि आमची घोटी



मुंबईत शिवाजी पार्कला राहण्याचे सुख म्हणजे निव्वळ जागेचा भाव, हे मागच्या अंकातील पत्रलेखकांचे मत मला मान्य नाही. मैदान १९२५चे, १९२७मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे त्याला महाराजांचे नाव मिळाले. माझी आत्या तिथेच राहते. भाजी, दवाखाना, समर्थ व्यायाम मंदिर, सगळे पायी. संध्याकाळी कट्ट्यावर गुडघे चोळत बसलेल्या आजींशेजारी पॅड बांधणारी पोरे! भोवतीच्या तीन-चार मजली जुन्या इमारतींच्या जागी टॉवर आणि गाड्याच आल्या, तर हे पायी जगणे मोडेल. आमच्या घोटीतही बाजारपेठ हाकेच्या अंतरावर आहे. पण आमची म्हातारी माणसे भाताच्या गाड्या चुकवत रस्त्याच्या कडेने फिरतात. म्हणून इथे नवे प्लॉट पाडताना आधी मैदान आखावे.

– एक वाचक, घोटी (जि. नाशिक)