रबरी होडीतील हवा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, तेव्हा सांगली-कोल्हापूरकडे आणि आपल्या बेळगाव जिल्ह्यातही पाण्याने वेढलेल्या माणसांना सोडविण्यास रबरी होड्या आल्या. अशा होडीत पाऊल टाकताना मनुष्य कचरतो. नुसत्या हवेवर भरवसा कसा ठेवावा? आम्ही म्हणतो, अवश्य ठेवावा. मात्र ती हवा मोजलेली असावी.

या होडीच्या नळीत आडपडदे घालून निरनिराळे कप्पे केलेले असतात. एक फाटला तरी बाकीचे होडीस तारतात. म्हणून आधी सर्व कप्पे अर्धे भरावेत व नंतर क्रमाने पुरे करावेत. एकच कप्पा गच्च भरल्यास मधल्या पडद्यावर ताण पडतो.

मोटारीच्या चाकात दर चौरस इंचास ३० पौंडांच्या आसपास दाब असतो. पुष्कळ होड्यांच्या नळ्यांस सुमारे ३ पौंड पुरतात. नेमका आकडा होडी बनविणाऱ्याने दिलेला असतो, तोच प्रमाण मानावा. दाब कमी पडला तर होडी मध्ये वाकते. फाजील झाला तर सांधे उकलतात. अंगठ्याने दाबून अंदाज बांधू नये, दाबमापक लावावा.

परंतु खरी मेख पुढेच आहे. कोंडलेली हवा तापली की तिचा दाब चढतो, निवली की उतरतो. काठावर उन्हात नळीतील हवा ४५ अंश तापलेली असता दाब ३ पौंड भरला, आणि पाण्यात ती २५ अंशांवर आली, तर २ पौंडही उरत नाहीत. भोक नाही, गळती नाही, तरी होडी ढिली! यास्तव पाण्यात सोडल्यावर थोड्या वेळाने पुन्हा मोजून तूट भरावी. उलट, भरलेली होडी उन्हात ओढून ठेवताना थोडी हवा सोडावी.

ज्या गावी अशी होडी असेल, तेथील मंडळींनी पावसाळ्यापूर्वीच ती एका पहाटे फुगवून सावलीत ठेवावी व दुसऱ्या पहाटे तशाच गारव्यात मोजावी. दाब बराच उतरला असल्यास सांध्यांवर व झडपांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे येतील तेथे गळती समजावी. पुराच्या रात्री भोक शोधण्यास सवड मिळत नाही.