आजोबांची डबी

परवा रोह्याला मधल्या सुट्टीत चौथीतला एक मुलगा रडवेला होऊन आला. "बाई, आजोबांच्या चहातल्या पाच गोळ्या खाल्ल्या!"

आधी मी त्याच्या आईला विचारून घेतलं, मधुमेहाच्या औषधाच्या तर नव्हेत ना? त्या मुलांना फार घातक. पण नाही, गोडाच्याच होत्या. हुश्श!

मग वर्गात तोच विषय. १८७९ साली अमेरिकेत फालबर्ग नावाचा रसायनतज्ज्ञ हात नीट न धुता जेवायला बसला, तर पाव गोड लागला! तेच सॅकरीन. साखरेहून सुमारे ३०० पट गोड. (तुम्ही मात्र हात धुवा हं!) पुढे ते भरपूर खाऊ घातलेल्या उंदरांना मूत्राशयाचा कॅन्सर झाला. माणसात तसं होत नाही, हे नंतर कळलं.

२०२३ साली अस्पार्टेमवर 'कदाचित कॅन्सरकारक' असा शिक्का बसला, पण मर्यादा तीच राहिली: वजनाच्या किलोमागे रोज ४० मिलिग्रॅम. फळ्यावर गणित मांडलं. ६० किलोचे आजोबा, २४००. २५ किलोचा नातू, फक्त १०००.

पालकांनो, वजन उतरवायला या गोळ्या नकोत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं त्याच वर्षी सांगितलं. मधुमेह असलेल्यांना ती सूचना लागू नाही, तेव्हा आजोबांचा चहा कडू करू नका!

संध्याकाळी पेणच्या गाडीला निघाले, तर वाटेत त्याची आई भेटली. डबी आता फडताळात वरच्या फळीवर गेलीय म्हणे.