पेठेचा आराखडा पेठेतच व्हावा

मुंबईहून गोव्याकडे मोटारीने निघालेल्या प्रवाशाला एके काळी सावंतवाडी टाळून पुढे जाता येत नसे. महामार्गच गावातून, मोती तलावाच्या काठाने जात असल्यामुळे चहापाण्याला उतरलेला मनुष्य पाय मोकळे करीत सहज बाजाराकडे वळे, चितारआळीतून लाकडी फळे, भोवरे नाही तर मुलीसाठी भातुकलीचा संच घेऊन पुन्हा गाडीत बसे, आणि त्याच्या त्या अर्ध्या तासाच्या मुक्कामावर कित्येक दुकानांचा जमाखर्च तोलला जाई. पुढे कोकण रेल्वे आली, 1998 साली ती पूर्णत्वासही गेली, परंतु तिचे स्थानक गावात न होता काही मैलांवरच्या मळगावात झाले. आणि कालांतराने झाराप ते पत्रादेवी असा नवा मार्ग गावाबाहेरून निघाल्यावर महामार्गानेही पेठेचा निरोप घेतला. जे गाव वाटेवर होते, तेथे आता मुद्दाम वाट वाकडी करून यावे लागते.

सावंतवाडीची पेठ ओस पडली आहे, असे कोणी म्हणणार नाही. चतुर्थीच्या आधीचे पंधरा दिवस आणि आठवड्याचा बाजार, या वेळी तेथे पाऊल ठेवावयास जागा नसते. परंतु एरवीच्या दिवशी, दुपार कलल्यावर, जुन्या बाजारातून माडीकडे नजर ठेवून चालत गेले, म्हणजे निराळेच चित्र दिसते. खाली दुकान उघडे असते आणि वरच्या मजल्याच्या खिडक्यांना मात्र वर्षानुवर्षांची कुलुपे असतात. ज्या घरातला मनुष्य खाली व्यापार करीत असे आणि वर संसार करीत असे, त्या घरातला संसार गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत गेला आहे, मुलगा मुंबईला किंवा रोजच्या रोज गोव्याला नोकरीसाठी जातो आहे, आणि रात्री आठनंतर आळीत दिवा लावणारे कोणी उरलेले नाही. पेठेच्या ऱ्हासाचा आरंभ दुकान बंद होण्यापासून होत नाही. तो माडीवरचा दिवा मालवण्यापासून होतो.

हे दुखणे एकट्या सावंतवाडीचे नाही. महाराष्ट्रातील बहुतेक तालुक्याच्या गावी हीच कथा थोड्याफार फरकाने ऐकू येते, आणि तिच्यावर जो उपाय योजला जातो तोही सर्वत्र एकच असतो. कोठून तरी निधी मंजूर होतो, तो अमुक मुदतीत खर्ची पडला पाहिजे असा तगादा लागतो, एखाद्या मोठ्या शहरातील सल्लागाराकडून नकाशे मागविले जातात, निविदा निघते, आणि मग रस्त्यावर रंगीत फरश्या, चौकात कारंजे, वेशीवर कमान व दुतर्फा नक्षीदार दिव्यांचे खांब अशी सामग्री येऊन पडते. याला सुशोभीकरण म्हणतात. दोन पावसाळ्यांत फरश्या उखडतात, कारंज्याचा पंप बंद पडतो, आणि माडीवरची कुलुपे होती तेथेच राहतात. हा कोणा एका नगरपरिषदेचा दोष नव्हे. निविदा आधी आणि विचारविनिमय मागाहून, अशी कामाची उलटी रीतच आपण प्रशस्त मानली, तिचा हा दोष आहे. चितारआळीतला कारागीर पांगाऱ्याचे लाकूड पुरते वाळल्याशिवाय त्याला रंग लावीत नाही, कारण ओल्या लाकडावर चढविलेला रंग टिकत नाही, हे त्याला वाडवडिलांपासून ठाऊक असते. जे धोरण एक खेळणे घडविताना आपण पाळतो, ते गाव घडविताना आपल्याला सुचू नये, याचा खेद वाटतो.

कायद्याने लोकांना विचारण्याची तरतूद केलेली नाही, असे नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 अन्वये विकास योजनेचे प्रारूप प्रसिद्ध करावे लागते आणि त्यावर हरकती व सूचना मागवाव्या लागतात. त्यासाठी 30 दिवसांची मुदत असते. परंतु ज्या सामान्य गृहस्थाने सर्व्हे नंबर, आरक्षण आणि भूवापर हे शब्द प्रथमच वाचले, त्याने त्या मुदतीत नकाशा पाहावा, आपल्या मिळकतीवर काय येणार हे ओळखावे आणि लेखी अर्ज द्यावा, ही अपेक्षा कागदावरच शोभते. शिवाय हरकत ही नेहमी माझ्या भिंतीपुरती, माझ्या ओट्यापुरती असते. आपल्या सर्वांची पेठ कशी असावी, या प्रश्नाला हरकतीच्या छापील नमुन्यात रकानाच नसतो.

याहून खोल अशी एक उणीव आपल्या व्यवस्थेत आहे, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ज्या खेड्यात दोन हजार माणसे राहतात, त्या खेड्याला संविधानाने ग्रामसभा दिली आहे. तेथे प्रत्येक मतदार स्वतः उभा राहून सरपंचाला जाब विचारू शकतो. ज्या शहराची लोकसंख्या तीन लाख किंवा त्याहून अधिक आहे, तेथे चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या अनिवार्य केल्या आहेत. या दोहोंच्या मध्ये जे उरते, म्हणजे 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 24 हजार वस्तीची सावंतवाडी आणि तिच्यासारखी अनेक गावे, त्यांच्यासाठी संविधानाने अशी सक्ती ठेवलेली नाही. नगरसेवक निवडून द्यावा आणि पाच वर्षे स्वस्थ बसावे, एवढाच कारभारातला वाटा तेथील नागरिकाकडे राहतो. खेड्यातल्या शेतकऱ्याला जो अधिकार आहे, तो तालुक्याच्या गावातल्या विणकराला, शिंप्याला, भाजीवालीला असू नये, याचे समर्थन कोणत्या तत्त्वावर करता येईल?

लोकांना बरोबर घेऊन गाव सुधारता येते, याचा दाखला शोधण्यासाठी सातासमुद्रापलीकडे जावयास नको. स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार पॅट्रिक गेडिस 1914 साली हिंदुस्थानात आले आणि पुढे 1919 साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयांचे पहिले प्राध्यापक झाले. गाव सुधारावयाचे तर प्रथम ते पायी हिंडून, तासन् तास निरखून समजून घेतले पाहिजे, असा त्यांचा दंडक असे. जुन्या वस्तीच्या काळजातून रुंद सडक आरपार नेण्याऐवजी, येथले एखादे पडके घर काढावे, तेथे एखादा वृक्ष लावावा, विहीर दुरुस्त करावी, अशा हलक्या हाताच्या शस्त्रक्रियेचा त्यांनी पुरस्कार केला. होळकरांच्या इंदुरात ते कामाला लागले, तेव्हा प्लेगचे भय होते आणि नगराविषयी नागरिकांत उदासीनता होती. त्यांनी दिवाळीत एक मोठी मिरवणूक योजली आणि असे जाहीर केले की, जे रस्ते लोक सर्वांत अधिक झाडून-पुसून, डागडुजी करून ठेवतील, त्या रस्त्यांनीच मिरवणूक जाईल. आळ्या-आळ्यांत चढाओढ लागली. घरे धुतली गेली, रंगविली गेली, साचलेला कचरा हलला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भलीमोठी प्रतिमा होती, आणि नगर झाडणाऱ्या सफाई कामगारांना तीत मानाचे स्थान होते. दरबारापुढे त्यांनी आपला विस्तृत अहवाल ठेवला तो 1918 साली, मिरवणुकीनंतर. आधी माणसे जागी झाली आणि मग आराखडा आला, हा क्रम मला अहवालातील कोणत्याही नकाशापेक्षा मोलाचा वाटतो.

तोच क्रम सावंतवाडीत धरावयाचा ठरविला, तर काय करावे लागेल? नगरपरिषदेने एक साधा ठराव करून पेठसभा बोलवावी. तीत दुकानदार तर असावेतच, परंतु भाडेकरू, माडीवर अजून राहत असलेली म्हातारी माणसे, चितारी, हमाल, रिक्षावाले, सफाई कामगार आणि आसपासच्या खेड्यांतून डोक्यावर टोपली घेऊन येणाऱ्या भाजीवाल्या, फुलवाल्या व मासळीवाल्या बायका या सर्वांना बसावयास जागा असावी. पहिले काम गणतीचे. किती माड्या बंद आहेत, त्यांतल्या किती भाऊबंदकीमुळे, किती भाड्याच्या तंट्यामुळे आणि किती केवळ जिना कुजल्यामुळे, हे घरोघर जाऊन टिपावे. जुन्या पेठांतल्या मिळकत पत्रिकांवर अनेकदा दोन पिढ्यांपूर्वी वारलेल्यांची नावे असतात. वारसांत वाटप झालेले नसते, विकावयाचे तर दहा जणांच्या सह्या लागतात आणि दुरुस्तीचा खर्च कोणीच करीत नाही. अशा ठिकाणी रंगीत फरशीपेक्षा वारसनोंदीचे चार दिवसांचे शिबिर अधिक उपयोगी पडेल, आणि त्याला खर्चही नाममात्र येईल.

दुसरे काम रस्त्यावर बसणाऱ्यांचे. पथविक्रेत्यांसाठी 2014 साली झालेल्या केंद्रीय कायद्याने लोकसंख्येच्या 2.5 टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना जागा देण्याचे तत्त्व मान्य केले आहे. सावंतवाडीच्या वस्तीला ही संख्या सुमारे 600 भरते. त्यांच्याविषयीचे निर्णय ज्या नगर पथविक्रेता समितीत व्हावयाचे, तीत निदान 40 टक्के सभासद विक्रेत्यांतून निवडलेले, आणि त्यांत एक-तृतीयांश स्त्रिया असल्या पाहिजेत, असे तो कायदा सांगतो. पेठेच्या सुधारणेचा विषय निघाला की पहिली कुऱ्हाड या टोपलीवाल्यांवर पडते, आणि हा अन्याय तर आहेच, पण व्यवहाराच्या दृष्टीनेही ते अनिष्ट आहे. कारण ताजी भाजी आणि मासळी घ्यावयास रोज येणारे गिऱ्हाईकच शेजारच्या कापडवाल्याचे आणि किराणावाल्याचे गिऱ्हाईक असते.

तिसरे काम चितारआळीचे. गंजिफा, म्हणजे हाताने रंगविलेले खेळायचे पत्ते, आणि लाखकाम यांचे पुनरुज्जीवन सावंतवाडीच्या राजघराण्याने आपल्या वाड्यात कारागीर बसवून केले, आणि त्यातच आळीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. नुसत्या मांडून ठेवलेल्या वस्तूपुढे पाहुणा पाच मिनिटे थांबतो; वस्तू घडताना पाहावयास मिळाली तर तासभर रमतो, मुलांना हाताला धरून आणतो आणि जेवावयासही गावातच राहतो. आळीतल्या बंद घरांपैकी चार-पाच घरे दीर्घ मुदतीच्या कराराने घेऊन खाली कारखाना व वर कारागिराचे बिऱ्हाड अशी व्यवस्था केली, तर माडीवरचा दिवा पुन्हा लागण्याचा आरंभ तेथून होईल. महामार्ग गावाबाहेर गेल्याने अवजड वाहनांचा त्रास कमी झाला आहे, ही या कामी लाभाचीच गोष्ट आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाही. सभा बोलावली की भांडणे होतात, जुनी वैरे उकरली जातात, मोठ्या दुकानदारांचा आवाज चढतो आणि गरिबाचा दबतो, वर्ष फुकट जाते व निधी परत जातो. यातील प्रत्येक भय खरे आहे. परंतु भांडण सभेत झाले नाही म्हणून टळत नाही. ते पुढे न्यायालयाच्या मनाई हुकुमाच्या रूपाने येते, आणि तेव्हा त्याचा खर्चही मोठा असतो. दबणाऱ्या आवाजावर उपाय असा की भाजीवाल्यांची बैठक बाजार उठल्यावर त्यांच्याच जागी घ्यावी, भाडेकरूंची वेगळी घ्यावी, आणि तेथे निघालेले मुद्दे मुख्य सभेत जसेच्या तसे वाचून दाखवावेत. पेठ सुधारली की भाडी वाढतात आणि ज्यांनी ती पडत्या काळात सांभाळली तेच बाहेर फेकले जातात, हे संकटही सभेच्या पहिल्याच दिवशी उघडपणे बोलले जावे, म्हणजे दुरुस्तीला मदत देताना भाडेकरूला किमान काही वर्षे न हलविण्याची अट घालता येईल. वेळेबद्दल म्हणावयाचे तर, दोन पावसाळ्यांत उखडणाऱ्या फरशीपेक्षा विचारात घालविलेले एक वर्ष स्वस्त पडते.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. राज्य शासनाने लहान नगरांच्या बाजारपेठांसाठी यापुढे जो निधी द्यावयाचा, त्याला एकच अट जोडावी: पेठसभेचे इतिवृत्त आणि घरोघरच्या गणतीचे तक्ते जोडलेले नसतील, तर प्रस्ताव विचारात घेतला जाणार नाही, आणि या कामासाठी निधीचा एक लहान अंश व पुरेशी मुदत आरंभीच द्यावी. शासनाचा हुकूम येईपर्यंत नगरपरिषदांनीही थांबावयाचे कारण नाही. पेठेचा मोठा नकाशा दप्तरातून बाहेर काढावा, मोती तलावाच्या काठी, जेथे संध्याकाळी अर्धे गाव फिरावयास येते तेथे, तो महिनाभर मांडून ठेवावा, शेजारी पेन्सिल ठेवावी, आणि एखाद्या तरुण अभियंत्याने रोज दोन तास तेथे बसून येणाऱ्याजाणाऱ्याला त्याचे घर, त्याचे दुकान, तिची बसण्याची जागा त्यावर दाखवावी. आपले ठिकाण त्या कागदावर ज्याने स्वतःच्या बोटाने शोधून काढले, तो त्या पेठेविषयी पुन्हा उदासीन राहणार नाही, एवढा विश्वास आपल्या गावकऱ्यांवर ठेवण्यास काहीच हरकत नाही.