नाणं घासू नका हो!

दिवाळी आली की आमच्या खानदेशात घरोघरी एक पाप घडतं, आणि तेही देवाच्या नावानं! लक्ष्मीपूजनासाठी डब्यातले राणीछाप, राजाछाप रुपये बाहेर निघतात. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, जे हाताला लागेल त्यानं ते घासले जातात. नाणी आरशासारखी लखलखली की घरदार खूष. मी सोडून.

माझं म्हणणं एवढंच की चकाकी म्हणजे नाण्याची अवस्था नव्हे. घासलेलं नाणं चकचकीत असतं, चांगलं नसतं.

टांकसाळीत ठसा पडताना धातू कडेकडे सरकतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. नाणं कडेनं धरून खिडकीच्या उजेडात तिरकं फिरवा, या रेषांवरून प्रकाश चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. ही खरी झळाळी. एकदा रांगोळीनं घासलं की ती गेली, ती कुठलाही सराफ परत आणू शकत नाही. काळपट थराचं एवढं भय कशाला? तो चांदीवर हवेनं धरलेला पातळ पापुद्रा आहे, झीज नव्हे. परदेशी संस्था नाण्यांना १ ते ७० गुण देतात, पण घासलेल्या नाण्याला सहसा आकडाच देत नाहीत, नुसतं 'साफ केलेलं' असा शेरा मारतात.

झीज बघायची तर उंचवटे बघा. व्हिक्टोरियाच्या मुकुटाची नक्षी, कानाजवळचे केस. पंचम जॉर्जच्या झग्यावर एक छोटा हत्ती आहे. १९११ च्या नाण्यावर तो डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि १९१२ पासून तो बदलला. तो हत्ती स्पष्ट दिसतो की सपाट झालाय, हे भिंगातून बघा. जुन्या चांदवडी रुपयाची गोष्ट वेगळी. तिथे साचा मोठा आणि नाणं लहान, त्यामुळे अक्षरं अर्धवटच उमटायची. जे उमटलंच नाही ते झिजलं असं म्हणणं हा त्या नाण्यावर अन्याय आहे.

आता सराफ मंडळी. (आमच्या जळगावच्या सोन्याचा डंका सगळीकडे, म्हणून हे जास्त लागतं.) गेल्या वर्षी एका पेढीवर ओळखीच्या बाईंचे रुपये एकाच ढिगात काट्यावर चढले. "मोडीत धरू, ताई." अहो, १९३९ पर्यंतच्या ११.६६ ग्रॅमच्या रुपयात जवळजवळ १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी, आणि १९४० ते १९४५ च्या रुपयात निम्मी, ५.८३ ग्रॅम! नुसती चांदीच मोजायची, तर तीही नीट मोजा. एके काळी सराफ रुपया वाजवून, वजन करून, पारखून घ्यायचे. १९०६ च्या कायद्यातही रुपया २ टक्क्यांपेक्षा जास्त झिजला तर तो चलनात चालत नसे. म्हणजे झीज मोजणं हे काही आम्हा हौशी लोकांचं खूळ नव्हे.

दुसऱ्या टोकाला व्हॉट्सॲपवाले काका आहेत. "१८६२ चा आहे, लाखात जाईल!" काका, १८६२ हेच साल टांकसाळीनं पुढे १८७४ पर्यंत रुपयावर छापलं. तो घरोघरी सापडतो. आणि १९४७ चा वाघाचा रुपया चांदीचा नाहीच, निकेलचा आहे, लोहचुंबक लावून बघा. वय, दुर्मिळता आणि अवस्था या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य १९२६ च्या शेवटच्या दिवशी गेले आणि १९२७ मध्ये ते उभं राहिलं. तिथला मोडी कागद पिवळा पडलाय म्हणून कुणी साबणानं धुवायला निघालं तर आपण त्याला वेडा म्हणू. मग पणजीच्या रुपयाला रांगोळी का? कागदावरची शाई आणि नाण्यावरचा ठसा, दोन्ही पुराव्याचेच.

"काळी लक्ष्मी कशी पुजायची?" हा काकूंचा प्रश्न मला ठाऊक आहे. आधीच झिजलेला, कडी जोडलेला एक रुपया पूजेसाठी ठेवा, त्याला हळदकुंकू, दूध, काय हवं ते करा. बाकीचे सुती कापडात बांधून ताटाशेजारी ठेवा. देवाला कळतं.

असो. चांदीचा भाव चढला की मोडीचा मोह होतो, मान्य. पण वितळलेला रुपया पुन्हा रुपया होत नाही. तेव्हा नातेवाईक मंडळींनो, या दिवाळीला डबा उघडाल तेव्हा घासायच्या आधी आणि विकायच्या आधी एकदा नाणं वाचा. भिंग माझ्याकडे आहे, कधीही घेऊन जा. चिंच मात्र आमटीत घाला.