नोकरी हे मालकाचे दान नव्हे!



‘मालकाने दिले होते, मालकानेच काढून घेतले,’ असे म्हणून जो कामगार निमूटपणे घरी परततो, त्याची नोकरी मालकाने घेतलेली असते. परंतु हक्क मात्र त्याने स्वतःच टाकून दिलेला असतो!

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वॉर्डमध्ये चाकरी करणाऱ्या दोन स्त्रियांना सरकारने भरपाई न देता कामावरून कमी केले व त्यांच्या जागी दुसऱ्या खात्यातून सुटलेली माणसे घेतली. सरकारचे म्हणणे असे की, भरपाई मागाहून वसूल करता येईल. कपात मात्र कायम! 1960 साली सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद धुडकावून लावला. भरपाई ही कपातीपूर्वीच पाळावयाची अट होय. ती मोडून केलेली कपात बेकायदा व निष्प्रभ होय, असा निर्णय झाला. दोन सामान्य स्त्रियांपुढे सरकार हरले. कारण त्या गप्प बसल्या नाहीत आणि त्यांची संघटना त्यांच्या पाठीशी होती.

संघटनेने हात न दिल्यास एकट्या कामगाराची दाद त्या काळी लागत नसे. 1965 च्या दुरुस्तीने तो अन्याय दूर केला. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली असून तिनेही एकट्या कामगाराचा हा हक्क मान्य केला आहे. वर्षात 240 दिवस काम केलेल्याची कपात करावयाची तर एक महिन्याची लेखी सूचना अथवा तेवढे वेतन, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षास 15 दिवसांचे सरासरी वेतन दिलेच पाहिजे. वाद उत्पन्न झाल्यापासून 2 वर्षांच्या आत समेट अधिकाऱ्याकडे जावे. तेथे न मिटल्यास न्यायाधिकरण आहे. बडतर्फी अन्याय्य ठरल्यास पुन्हा कामावर घेण्याचा हुकूम करण्याचा अधिकार त्यास आहे.

मग कामगार हरतो कोठे? सहीपाशी! ‘राजीनामा लिहून दे, तरच हिशेब मिळेल,’ या धमकीला भिऊन सही करून मगच वकिलाकडे येणारे कामगार मी नित्य पाहतो. त्या एका सहीने मालक बडतर्फीला राजीनाम्याचा मुखवटा चढवितो. तो उतरविण्यात कामगाराची वर्षे खर्ची पडतात.

म्हणून हजेरीचे कार्ड व पगाराची पावती घरी जपून ठेवा. न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवू नका. घरात शिकणारे मूल असेल तर त्याच्याकडून प्रत्येक कागद वाचून घ्या. कायदा जागा आहे. तुम्ही झोपू नका!