हार झेंडूचा, पेडल गंजाचं!

मंडळी, दसऱ्याला आपण गाडीला झेंडूचा हार घालतो, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. पण त्याच गाडीतली पायाखालची मॅट वर्षानुवर्षं कोणी उचललेली नसते! ही कसली यंत्रपूजा?

माझ्याकडे १९६७ सालची फोक्सवॅगन बीटल आहे. जर्सी सिटीत गॅरेज कुठून आणायचं? ती बिचारी रस्त्यावरच बर्फ आणि मीठ सोसते. गेल्या हिवाळ्यात हॉलंड टनेलच्या तोंडाशी क्लच दाबला, तो खालीच राहिला. बुटाचं टोक घालून वर ओढला. एका गॅरेजवाल्याने सगळा पेडलसंच बदलायला सांगितलं. आपल्या मित्रमंडळींनी तर एकमुखाने निकाल दिला, "विकून टाका हो, नवी लीजवर घ्या!" खोलीत चार मेकॅनिकल इंजिनियर होते. 'अडकतंय कुठे?' असं एकानेही विचारलं नाही. माझा राग आहे तो यावर.

शनिवारी मुलीला घेऊन बसलो. बीटलची पेडल्स वरून लोंबत नाहीत, जमिनीतून वर येतात. क्लच आणि ब्रेक एकाच दांड्यावर फिरतात, आणि बुटांबरोबर आलेलं खारट पाणी नेमकं तिथेच मुरतं. आधी मागे गिअरबॉक्सपाशी क्लचची केबल सैल केली, ब्रेकच्या दांड्याची पिन काढली, मग मधल्या टनेलवरचे दोन बोल्ट. आतलं ग्रीस वाळून गुळाच्या ढेपेसारखं झालेलं, खाली गंज. रॉकेल, तारेचा ब्रश, बारीक पॉलिश पेपर आणि शेवटी लिथियम ग्रीस. केबल पुन्हा हुकात अडकवताना घाम फुटला, पण क्लच झटकन वर आला. खर्च ग्रीसच्या एका ट्यूबचा.

"एवढं कशाला? स्प्रे मारायचा!" असंही ऐकलं. डब्ल्यूडी-४० हा सॅन डिएगोत १९५३ साली पाणी हटवण्यासाठी तयार झाला. जाम सोडवायला तो उत्तम, पण लोखंडावर लोखंड फिरतं तिथे टिकाऊ वंगण लागतं. फवारा मारून निघून जायची ही सवय गाडीपुरतीच आहे का, हेही स्वतःला विचारा.

ब्रेकशी मात्र हिरोगिरी नको. पेडल मोकळं असूनही ब्रेक सुटत नसेल, तर दोष मास्टर सिलिंडरचा किंवा नळीचा असू शकतो. तिथे जाणकारच हवा. ब्रेकच्या आतल्या रबराला साधं तेल-ग्रीस लागलं तर ते फुगतं. आपल्याला काय येत नाही, हेसुद्धा हात घातल्यावरच कळतं.

"वेळ कुठे आहे?" गणपतीच्या नाटकाच्या तालमींना सहा आठवडे मिळतात की नाही? खरी अडचण वेळेची नाही, आपल्या पांढरपेशेपणाची आहे. हात काळे करणारा तो 'मिस्त्री', आपण 'साहेब'! लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढे लोखंडी नांगर आणि १९१० साली किर्लोस्करवाडी. मुंबईच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सी कुर्ल्याच्या कारखान्यातलं उत्पादन थांबल्यावरही ऑक्टोबर २०२३पर्यंत धावल्या, त्या कोपऱ्या-कोपऱ्यावरच्या मिस्त्र्यांच्या जिवावर. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, आणि त्याची खंतही नाही.

मुलांना आपण श्लोक शिकवतो, शुद्धलेखन शिकवतो. पाना धरायला कोण शिकवणार? मराठी शाळेच्या महिन्यातल्या एका शनिवारी पार्किंग लॉटमध्ये जुनी सायकल, शिवणयंत्र, जमल्यास एखादी गाडी उघडून बसू या. ज्येष्ठांपैकी कितीतरी जणांनी उभा जन्म कारखान्यात काढला आहे. त्यांना नुसतं सत्काराला बोलावू नका, शिकवायला बोलावा.

त्या शनिवारी मुलीची नखं काळी झाली होती. सोमवारी शाळेत जातानाही ती पुरती निघाली नव्हती, आणि तिनेही ती लपवली नाहीत. येत्या दसऱ्याला हार जरूर घाला. पण आधी मॅट उचला!